आधी मजकूर वाचवा, मग कॅशे साफ करायला सांगा

वेबवर चालणारी संपादन-साधनं बनवणाऱ्या आणि त्यांचा मदतकक्ष सांभाळणाऱ्या मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

मी संपादक आहे. दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर दिवसभर ब्राउझरच्या चौकटीत बसून नीट करणं हे माझं काम. तुमची चार-पाच साधनं मी रोज वापरते आणि त्यांतलं काही अडलं की आमच्या गटातली माणसं तुमच्याआधी मला फोन करतात. त्यामुळे तुमच्या मदतकक्षाची नोकरी मी बरीच वर्षं बिनपगारी करते आहे असं म्हटलं तरी चालेल. त्या अधिकारानं हे पत्र.

आमच्या गटात एक ज्येष्ठ अनुवादिका आहेत. टाइप करायचा वेग बेताचा, पण एकदा लिहिलेल्या वाक्याला पुन्हा हात लावावा लागत नाही. एका दुपारी त्यांनी एका लांब प्रकरणाचा शेवट लिहिला आणि ‘सेव्ह’ दाबलं. वर तांबडी पट्टी आली : ‘काहीतरी चुकलं आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ पुन्हा दाबलं, पुन्हा तीच पट्टी. त्यांनी घाबरून टॅब बंद केला नाही, हे त्यांचं शहाणपण. त्यांनी मदतकक्षाला विचारलं. उत्तर दोन मिनिटांत हजर : ब्राउझरचा कॅशे आणि कुकीज साफ करा, मुदतीत ‘सुरुवातीपासूनचं सगळं’ निवडा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा.

त्यांनी इमानेइतबारे तसं केलं. ब्राउझरच्या त्या खिडकीत ‘कुकीज आणि साइटचा इतर डेटा’ अशी एक ओळ असते. त्या ‘इतर डेटा’त काय होतं? तुमच्याच साधनानं दर काही सेकंदांनी ब्राउझरच्या पोटात जपून ठेवलेला त्यांचा मसुदा. सर्व्हरपर्यंत पोचला नव्हता तरी तो तिथे सुखरूप होता. तुमच्या ऑटोसेव्हनं वाचवलेला मजकूर तुमच्याच मदतकक्षानं त्यांच्या हातून पुसून टाकला. त्या मला फोनवर एवढंच म्हणाल्या, “अगं, त्यांनी सांगितलं तसंच केलं मी.”

हे साधन कोणाचं ते मी लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटल्यासारखे हसतील, आणि हाच सल्ला मला किमान तीन ठिकाणांहून मिळालेला आहे.

मुळात चुकलं काय होतं? कॅशेचा, म्हणजे पानं लवकर उघडावीत म्हणून ब्राउझर जपून ठेवतो त्या प्रतींचा, काही संबंध नव्हता. सेशन, म्हणजे लॉगिनपासून सर्व्हरनं धरून ठेवलेली आपली ओळख, संपलं होतं. लॉगिन केल्यावर सर्व्हर आपल्याला एक ओळखपत्र देतो, ते कुकीत, म्हणजे ब्राउझर त्या साइटसाठी जपतो त्या छोट्या चिठ्ठीत, राहतं आणि त्याची एक मुदत असते. वेबची मोठी दुनिया पीएचपी नावाच्या ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालते, तिच्यात ही मुदत मुळात १४४० सेकंद ठेवलेली आहे. म्हणजे २४ मिनिटं. कोणी मुद्दाम वाढवली नाही, तर तेवढीच राहते. आता गंमत बघा. चौकटीत टाइप करणं ही सर्व्हरच्या दृष्टीनं हालचालच नव्हे. माणूस तासभर मान मोडून लिहीत असतो आणि सर्व्हरला वाटतं, हा कधीच उठून गेला. त्यातून मुदत संपलेली सेशन्स लगेच झाडली जातात असंही नाही. मूळ मांडणीत दर विनंतीमागे शंभरात एक एवढ्या शक्यतेनं झाडू फिरतो. म्हणून तेवढाच वेळ लिहूनही सोमवारी सेव्ह होतं, मंगळवारी होत नाही, आणि तुम्ही तुमच्या खुर्चीत बसून दोन ओळी लिहून ‘सेव्ह’ दाबता तेव्हा तर हमखास होतं. मग उत्तर येतं : ‘आमच्याकडे व्यवस्थित चालतंय.’

अशा वेळी खरं करायचं काय, हे मी आता आमच्या लोकांना तोंडपाठ करून घेतलं आहे. टॅबला हात लावायचा नाही. आधी सगळा मजकूर निवडून कॉपी करायचा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवायचा. मग दुसऱ्या टॅबमध्ये तेच साधन उघडायचं. तिथे लॉगिनचं पान दिसलं तर निदान झालंच. तिथे लॉगिन करायचं, पहिल्या टॅबवर परत यायचं आणि ‘सेव्ह’ दाबायचं. कुकी दोन्ही टॅबना एकच असल्यामुळे पुष्कळदा काम होऊन जातं. नाही झालं, तर त्या पानात जुन्या सेशनचं गुप्त चिन्ह अडकलेलं असतं. तेव्हा नवं पान उघडून नोटपॅडमधला मजकूर चिकटवायचा. पाच मिनिटांचं काम.

ते गुप्त चिन्ह का असतं हेही मला ठाऊक आहे, आणि ते काढून टाका असं मी म्हणणार नाही. भलत्याच साइटनं माझ्या लॉगिनचा फायदा घेऊन माझ्या नावानं काही पाठवू नये म्हणून ते आहे. माझं म्हणणं एवढंच, की चिन्ह जुळलं नाही तर ‘तुमचं सेशन संपलं आहे, मजकूर इथेच आहे, पुन्हा लॉगिन करा’ असं लिहायला काय हरकत आहे? विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी वर्षानुवर्षं हेच करत आलं आहे. सेशनची माहिती हरवली असं ते सरळ सांगतं आणि लिहिलेलं सगळं खालच्या चौकटीत तसंच ठेवतं. दिसायला फार देखणं नसेल, पण माणसाच्या दुपारची किंमत त्याला कळते.

आता दुसरी गोष्ट. हिच्यात माझा एक अख्खा रविवार गेला.

नवशिक्यांसाठी संगणक-सुरक्षेवरचा एक लेख होता. सेव्ह केला की कोरं पान आणि वर आकडा : ४०३. म्हणजे परवानगी नाही. गंमत अशी, की बाकीचे लेख त्याच लॉगिनवर, त्याच ब्राउझरमध्ये, त्याच क्षणी सेव्ह होत होते. मी ब्राउझर बदलला, खाजगी विंडो उघडली, एक्स्टेन्शनं बंद केली, दुसऱ्या यंत्रावर गेले. तरी ४०३. शेवटी जुना उपाय केला. लेखाचे दोन तुकडे केले. पहिला सेव्ह झाला, दुसरा नाही. दुसऱ्याचे पुन्हा दोन. असं करत करत एका परिच्छेदावर आले, मग एका वाक्यावर, आणि मग एका अवतरणावर. डेटाबेसला फसवायचा एक जुना, घासून गुळगुळीत झालेला नमुना लेखकानं उदाहरण म्हणून दिला होता : एक एकेरी अवतरणचिन्ह, पुढे ‘ऑर’ आणि ‘एक बरोबर एक’. तेवढा काढला की लेख गपगुमान सेव्ह.

तुमच्या दारावरच्या फायरवॉलनं चोरीच्या हत्याराचं चित्र पाहिलं आणि चित्रकारालाच पकडलं. पहारेकऱ्याला नियमांची यादी दिलेली असते, तो ती पाळतो, त्याच्यावर राग नाही. पण संपादनाच्या साधनात माणसं वाटेल त्या विषयावर लिहिणार, हे साधन बनवणाऱ्याला माहीत असायला हवं. ज्या पत्त्यावर लेख सेव्ह होतो त्या एका पत्त्यापुरता तो नियम सैल करता येतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याला नोंदवहीत नियमाचा क्रमांक दिसतो, तेवढ्यावरून होतं. मदतकक्षाचं उत्तर मात्र काय आलं असेल? बरोबर. कॅशे साफ करा.

तुम्ही गाळण्या लावता ते का, हेही मला कळतं. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये सॅमी कामकार नावाच्या एका तरुणानं मायस्पेस या समाजमाध्यमावरच्या आपल्या पानात थोडा कोड दडवला. ते पान बघणाऱ्याच्या पानात तो आपोआप शिरायचा. वीस तासांच्या आसपास दहा लाखांवर खाती त्याच्या ‘मित्रां’त जमा झाली. मजकुराच्या चौकटीतून कोणी कोड घुसवू नये म्हणून मजकूर चाळून घ्यावा लागतो, हे मान्य. पण चाळणी कोणत्या धान्याला लावतोय ते बघून तिची भोकं ठरवावीत ना?

कारण तीच चाळणी आमच्या भाषेवर चालते तेव्हा काय होतं ते बघा. मराठीतला अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी दिसतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे एक नव्हेत. पहिले शिकवतात, दुसरे रांधतात. ही दुसरी, पापणीसारखी खूण टाइप करायच्या दोन रीती आहेत. एकीत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. कीबोर्ड ज्या घराण्याचा असेल तसं. आता कुठल्याशा सुरक्षातज्ज्ञानं सांगितलेलं असतं, की अदृश्य चिन्हांचा फसवणुकीसाठी वापर होतो, ती सरसकट काढून टाका. तुम्ही काढता. परिणाम? एका प्रवासवर्णनात डोंगरातल्या ‘दऱ्या’ सेव्ह केल्यावर ‘दर्या’ झाल्या. माणूस कडा उतरून थेट समुद्रात. आणि हे सगळं मुकाट्यानं, कसलीही पट्टी न येता. तांबडी पट्टी आली तर निदान कळतं तरी. हा प्रकार अंक बाहेर पडल्यावर वाचकांनी कळवला.

त्याच चालीतली आणखी एक. देवनागरीतलं एकेक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, आणि फॉर्म जुन्या पद्धतीनं पाठवला तर वाटेत त्याचे ९ होतात. डोळ्यांना एकच अक्षर वाटणारं ‘क्षि’ आत चार चिन्हांचं असतं. म्हणजे वाटेत ३६ बाइट. तुम्ही मर्यादा इंग्रजी मजकुरावर तपासता, ती सहज पुरते. आमचा लेख तिच्या निम्म्यावर येण्याआधीच आपटतो. डेटाबेसमध्ये ६५,५३५ बाइटांचा रकाना असेल तर त्यात जेमतेम २१,८४५ चिन्हं मावतात, आणि मांडणी सैल असली तर उरलेलं निमूट कापलं जातं. शेवटचे परिच्छेद गायब झालेला लेख लेखकाला परत दाखवताना काय वाटतं, ते तुम्ही एकदा अनुभवाच.

ब्राउझरवाल्यांनी गेल्या काही वर्षांत आपली दारं-खिडक्या बंद करत आणल्या आहेत, आणि त्यात तुमचीही पंचाईत झाली असणार. सफारीनं मार्च २०२० पासून तिऱ्हाइताच्या, म्हणजे आपण उघडलेल्या साइटखेरीज दुसऱ्याच साइटच्या, कुकीज पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सनं जून २०२२ पासून प्रत्येक साइटची कुकीची बरणी वेगळी केली. क्रोमनं फेब्रुवारी २०२० मध्ये नियम आवळायला घेतले. तुमचं साधन दुसऱ्या कुणाच्या पानात चौकट करून बसवलेलं असेल, तर तिथे तुम्हीच तिऱ्हाईत ठरता. मग लॉगिन करा, पान येतं, पुन्हा लॉगिन करा, पुन्हा तेच पान. गोल गोल. आमच्यातल्या एकाला वाटलं आपला पासवर्ड चुकतोय. त्यानं तो तीनदा बदलला आणि शेवटी खातं कुलूपबंद झालं.

इथे तुमचा सल्ला असतो : ‘ट्रॅकिंग संरक्षण बंद करा.’ त्याला माझा साफ नकार आहे. तुमच्या एका चौकटीसाठी मी घराचं दार सताड उघडं का ठेवू? चौकटीतल्या साइटला वापरणाऱ्याकडे रीतसर परवानगी मागता यावी म्हणून स्टोरेज ॲक्सेस एपीआय आहे, ते वापरा. ते जमेपर्यंत ‘नवीन टॅबमध्ये उघडा’ असं एक बटण द्या. नव्या टॅबमध्ये तुम्ही तिऱ्हाईत राहत नाही, कुकी टिकते, काम होतं. हा शोध आमच्या गटातल्या सगळ्यात धाकट्या मुलीनं लावला, तुमच्या मदतपानावर तो अजून नाही.

सफारीतलीच दुसरी एक खोच सांगते, कारण ‘तुमचा मसुदा ब्राउझरमध्ये सुरक्षित आहे’ असं तुम्ही छातीठोकपणे लिहिता. सफारी वापरली जातेय पण एखाद्या साइटकडे कोणी सात दिवस फिरकलंच नाही, तर त्या साइटनं ब्राउझरात ठेवलेलं सामान सफारी स्वतः साफ करते. आठ-दहा दिवसांनी परत येऊन लेख पुढे लिहू म्हणणाऱ्याला तिथे कोरी चौकट मिळते. ‘सुरक्षित’ हा शब्द सर्व्हरवर पोचलेल्या मजकुरासाठी राखून ठेवा. बाकीच्याला ‘फक्त या ब्राउझरमध्ये, तात्पुरता’ म्हणा.

साइट खरीच तिची आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या प्रमाणपत्राच्या इशाऱ्याबद्दल थोडक्यात. ‘ही जोडणी खाजगी नाही’ असं ब्राउझर सांगतो तेव्हा तुमचा माणूस सांगतो, ‘ॲडव्हान्स्डवर जा आणि पुढे चला.’ कृपा करून हे वाक्य तुमच्या तयार उत्तरांतून खोडा. बहुतेकदा कारण साधं असतं. यंत्राचं घड्याळ चुकलेलं, अँटिव्हायरस मध्ये बसून जोडणी उघडून बघतोय, किंवा तुमच्याच प्रमाणपत्राची मुदत संपलेली. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेवर अवलंबून असलेल्या साइट्स कितीतरी जुन्या यंत्रांवर उघडेनात. त्या दिवशी लोक काय काय साफ करत बसले असतील! पुढे तर प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्यानं २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर येणार आहे. तेव्हा नूतनीकरण माणसाच्या आठवणीवर सोडलंत तर ही पट्टी आम्हाला दर दीड महिन्यानं दिसेल.

आता एक गोष्ट खालच्या आवाजात सांगायची आहे, कारण तिच्यात खरा धोका आहे. अडचण लवकर सुटली नाही की तुमचे तंत्रज्ञ म्हणतात, एफ-बारा दाबा, नेटवर्क टॅब उघडा, हार फाइल उतरवून आम्हाला पाठवा. त्या फायलीत त्या वेळी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात झालेलं सगळं संभाषण असतं, आणि त्यात कुकीही येऊ शकते. म्हणजे माझं चालू ओळखपत्र. ती फाइल ज्याच्या हाती पडेल तो पासवर्ड न विचारता माझ्या नावानं आत जाऊ शकतो. हे भुताखेताचं भय नाही. २०२३ मध्ये ऑक्टा या ओळख-पडताळणीच्याच धंद्यातल्या कंपनीच्या मदतकक्षात घुसखोरी झाली, आणि ग्राहकांनी तक्रारीसोबत जोडलेल्या हार फायलींतली सेशनची चिन्हं चोरांच्या हाती लागली. क्रोम अलीकडे अशी फाइल उतरवताना कुकीसारख्या नाजूक गोष्टी वगळून देतो, पण सगळे ब्राउझर सगळीकडे तसं करतात असं धरून चालू नका. फाइल मागायचीच असेल, तर तिच्यातली कुकी आधी कशी काढून टाकायची ते सांगा, पाठवल्यावर लगेच सगळीकडून लॉगआउट व्हायला सांगा, आणि ईमेलवर तर मागूच नका. पडद्याचा एक फोटो आणि वेळ एवढ्यावर भागत असेल, तर भागवा.

भागत नाही ना? का भागत नाही, तर तुमच्या पट्टीवर धड काही लिहिलेलंच नसतं. ‘काहीतरी चुकलं आहे’ याचा फोटो पाठवून कोणाला काय कळणार? तिथे एक छोटा क्रमांक छापा. तोच क्रमांक तुमच्या सर्व्हरच्या नोंदीत असू द्या. आमच्या अनुवादिकेनं तो फोनवर वाचून दाखवला असता, तर तुमच्या माणसाला अर्ध्या मिनिटात कळलं असतं की सेशन संपलंय, आणि पुढचं सगळं टळलं असतं.

आमच्या बाजूचे गुन्हेही कबूल करते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. व्याकरण तपासणारं एक एक्स्टेन्शन मी वर्षभर लावून ठेवलं होतं. ते चौकटीतल्या मजकुरात आपल्या खुणा घुसवत होतं आणि छापील पानावर मधूनच विचित्र मोकळ्या जागा पडत होत्या. मी तुम्हाला दोन रागीट पत्रं पाठवली होती. ती मागे घेते. जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शनं कधी कधी तुमच्या साधनाचा भागही जाहिरात समजून अडवतात. वर्ड-प्रोसेसरमधून थेट चिकटवलेला मजकूर बरोबर कचऱ्याचा गाडा घेऊन येतो. ‘पेस्ट’चं बटण काम करत नाही म्हणून ओरडणाऱ्यांना मीच सांगते, की कुठल्याही साइटनं गुपचूप क्लिपबोर्ड वाचू नये म्हणून ब्राउझरनं ते अडवलंय, कंट्रोल-व्ही दाबा. खाजगी विंडोत साधन नीट चाललं, तर दोष बहुधा आपल्याच एक्स्टेन्शनचा किंवा जुन्या कुकीचा, हे आमच्यातल्या सगळ्यांना आता पाठ झालंय.

आणि कॅशे? कधी कधी तो खरोखर दोषी असतो. तुम्ही नवी आवृत्ती चढवता, पान नवं येतं, त्यामागचा कोड जुनाच राहतो, बटणं मुकी होतात. पण त्याला कंट्रोल-शिफ्ट-आर पुरतं. तेही मजकूर बाहेर काढून ठेवल्यावर. त्यानं पानाचा कोड नव्यानं येतो, साठवलेल्या मसुद्याला आणि लॉगिनला धक्का लागत नाही. याच्याही पुढे जायची वेळ आली, तर पत्त्याच्या पट्टीजवळच्या चिन्हावर जाऊन त्या एकाच साइटचा डेटा पुसता येतो. माणसाची सगळी साठवण, सगळी लॉगिनं, सुरुवातीपासूनचं सगळं झाडून काढायला सांगणं म्हणजे नळ गळतो म्हणून घर रिकामं करायला लावणं.

त्यामुळे मागणी एकच. तुमच्या तयार उत्तरांच्या फायलीत ते ‘कॅशे आणि कुकीज साफ करा’ जिथे जिथे असेल, तिथे त्याच्या आधी एक ओळ घाला : ‘टॅब बंद करू नका. आधी तुमचा मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवा.’ हे एका दुपारचं काम आहे, कोडला हातही लावावा लागत नाही. बाकीचं सवडीनं करा.

त्या अनुवादिकांनी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. पहिल्यासारखं झालं नाही असं त्यांचं म्हणणं आहे. मी पहिलं वाचलेलंच नाही, त्यामुळे मला काही बोलता येत नाही.

आपली,
एक रोजची वापरकर्ती

ता. क. : हे पत्र साध्या नोटपॅडमध्ये लिहिलं आहे, आणि पुढचा शब्द मी मुद्दाम दोन्ही रीतींनी टाइप केला आहे : दऱ्या, दर्‍या. दिसायला दोन्ही सारखेच. ते तुमच्या साधनात चिकटवा, सेव्ह करा, पान बंद करून पुन्हा उघडा. दुसऱ्या जागी समुद्र दिसला, तर मला कळवू नका, तुमच्या चाळणीवाल्याला कळवा.